बिरड्याचा रोजा: आजींना पाणी द्यावं का?

ठाण्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या, घरात ७९ वर्षांच्या आजींना सांभाळायला त्या दिवस-रात्र असतात. आजींचा मुलगा आणि सून इस्राएलमध्ये अशदोदला. आजींना मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू. आजींनी आतापासूनच बजावून ठेवलंय, "बिरड्याचा रोजा येतोय, त्या दिवशी मला पाणीसुद्धा विचारू नकोस." ताई विचारतात: हा रोजा असतो तरी कसा, त्या दिवशी घरात काय करायचं, काय टाळायचं, आणि आजींना चक्कर आली तर पाणी पाजलं म्हणून त्यांचा धर्म बुडेल का?

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. धर्म बुडत नाही. पाणी द्या, गोळ्या द्या, खायलाही द्या. आजारी माणसाला या रोजातून सूट आहे. ही सूट तुमच्या-माझ्या मनाची नाही, आमच्या शास्त्रातलीच आहे. मी गेली तीस-बत्तीस वर्षं आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, प्रार्थना चालवतो. दर वर्षी या रोजाच्या आधी कुणा ना कुणा आजी-आजोबांच्या घरी जाऊन मला हेच समजावून सांगावं लागतं. ते कसं सांगायचं, हे पुढे लिहितो. पण हा दिवस काय आहे ते कळल्याशिवाय आजींचा हट्ट तुम्हाला कळायचा नाही.

आमच्या पंचांगात आव नावाचा महिना आहे, त्याची नववी तिथी म्हणजे हा रोजा. हिब्रूत तिशा बे-आव. यहुदी महिने चंद्रावरचे, आणि आपल्या मराठी पंचांगासारखेच १९ वर्षांत सात अधिक महिने धरणारे. म्हणून हा दिवस कधी आषाढात येतो, कधी श्रावणात, पण शुद्ध नवमीच्या आगेमागेच. २०२५ साली तो ३ ऑगस्टला, श्रावणात होता. २०२६ साली तो २२ जुलैच्या बुधवारी सूर्यास्ताला लागतो आणि २३ जुलैच्या गुरुवारी रात्री तारे दिसले की सुटतो, म्हणजे आषाढात. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे लक्षात ठेवा. गुरुवारी सकाळी उठून तयारीला लागाल, तर तोवर निम्मा रोजा झालेला असेल.

या तारखेला येरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं. पहिलं बाबेलच्या राजाने, नबुखदनेस्सरने जाळलं, इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास. दुसरं रोमन सेनापती टायटसच्या फौजेने, इसवी सन ७० मध्ये. आमच्या जुन्या धर्मग्रंथात, मिश्नामध्ये, या तारखेशी पाच दुःखं जोडली आहेत: मिसर (इजिप्त) देशातून निघालेल्या पिढीला वचनदत्त देशात पाऊल टाकता येणार नाही असं ठरलं ते, दोन्ही मंदिरांचा नाश, रोमनांविरुद्धच्या बंडातलं शेवटचं ठाणं बेतार पडलं ते, आणि येरुशलेमवरून नांगर फिरवला गेला ते.

तेव्हा हा दिवस सुतकाचा आहे. मराठी माणसाला सांगताना मी हाच शब्द वापरतो, कारण तो लगेच पोचतो. 'उपास' म्हटलं की आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर येतो. इथे त्यातलं काहीच चालत नाही. अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, सुमारे पंचवीस तास. आणि हे पुण्य साठवण्यासाठी किंवा नवस फेडण्यासाठी नसतं. घरात कुणी गेलं की पहिल्या दिवशी घास उतरत नाही, तसा हा दिवस घालवायचा.

एक फरक मात्र आहे. घरच्या माणसाचं सुतक पहिल्या दिवशी सगळ्यात जड असतं आणि पुढे उतरत जातं: आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं, मग महिन्याचं, आई-वडील असतील तर वर्षाचं. या सुतकाचं उलटं. ते चढत जातं, कारण जे गेलं त्याला दोन हजार वर्षं होत आली आणि त्याचं दुःख आपोआप होत नाही, हळूहळू मनात आणावं लागतं. म्हणून तीन आठवडे आधी, तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेला एक छोटा रोजा येतो. २०२६ साली तो २ जुलैला आहे, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा. आमचे जुने लोक त्याला सबाबी रोजा म्हणायचे. तेव्हापासून लग्नं थांबतात. आव महिना लागला की मटण-कोंबडी बंद, दारू बंद, नवे कपडे बंद. तुमच्या लक्षात आलं असेल, आजी एरवी मासे-मटण आवडीने खातात आणि त्या आठवड्यात डाळ-उसळीवर येतात. तोंडाची चव गेली असेल म्हणून डॉक्टरांना विचारायची घाई करू नका.

आता नावाबद्दल, कारण आजी 'बिरड्याचा' म्हणतात ते तुम्हाला नवल वाटलं असेल. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने शनवार तेली म्हटलं. सण हिब्रू, पण नावं पडली ती स्वयंपाकघरातून आणि अंगणातून. वर्षारंभ तो नव्याचा सण, खीर करायची म्हणून खिरीचा सण, किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, घराची दारं लावून घ्यायची म्हणून तो दरफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आणि आवच्या नवमीच्या रोजाला जोडून कडव्या वालांचं बिरडं, म्हणून बिरड्याचा रोजा. पावसाळ्यात कोकणात वाल हाताशी असणारच. पण त्याला आणखी एक धागा आहे असं मला वाटतं. सुतकाच्या घरी गोल दाणा आणि अंडं द्यायची यहुद्यांची फार जुनी रीत आहे. गोल वस्तूला तोंड नसतं, शोक करणाऱ्याच्या तोंडीही शब्द नसतो, असा त्याचा अर्थ सांगतात.

आमच्या घरी बुधवारचं जेवण असं व्हायचं. दुपारी चारच्या आसपास बिरडं आणि भात, पोटभर. मग सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी आई जमिनीवर पाट न घेता बसायची, भिंतीकडे तोंड करून, आणि बाकीचे एकमेकांपासून थोडे लांब. प्रत्येकापुढे एक उकडलेलं अंडं, चपातीचा तुकडा, पेलाभर पाणी. चपातीचा एक कोपरा चिमूटभर राखेला लावायचा आणि तो घास आधी खायचा. चुली होत्या तोवर राखेला तोटा नव्हता. आता मी लाकडाची एक ढलपी जाळून तेवढीच राख वाटीत ठेवतो. एकत्र बसून जेवायचं नाही, कारण तीन जण एकत्र जेवले की जेवणानंतरची प्रार्थना मिळून म्हणावी लागते, आणि त्या संध्याकाळी ज्याने त्याने एकट्यानेच म्हणायची असते. त्यामुळे आजींनी तुम्हाला शेजारी बसू दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मात्र अंडं सोलून द्या, त्यांचे हात कापत असतील.

रोजात पाच गोष्टी वर्ज्य आहेत. खाणं-पिणं ही एक. आंघोळ, तेल किंवा अत्तर लावणं, चामड्याचं पायताण आणि पती-पत्नीचा संग या बाकीच्या. तुमच्या कामाशी यातल्या तीनांचा संबंध येतो, तेव्हा नीट सांगतो.

आंघोळ नाही म्हणजे सुखासाठी अंगावर पाणी घ्यायचं नाही. सकाळी उठल्यावर बोटांच्या मुळांपर्यंत हात धुतात, ओल्या बोटांनी डोळे पुसतात, बस्स. पण स्वच्छतेला बंदी नाही. डायपर बदलताना, कपडे खराब झाले तर, जखम असेल तर, जेवढं अंग मळलं असेल तेवढं साबण-पाण्याने धुवायला काहीही हरकत नाही. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तुम्ही ओल्या फडक्याने पुसत असाल तर पुसा. औषधी मलम चालतं; रोजचं खोबरेल तेल एक दिवस राहू द्या.

चपलांबद्दल फार सांभाळा. पूर्वी लोक अनवाणी सिनेगॉगला यायचे, आजींना तेच आठवत असेल. पण मधुमेही पायाला खडा टोचला तरी कळत नाही. त्यांच्या एमसीआर चपला रबराच्या असतात, त्या घातल्या तर रोजाला काहीच बाधा येत नाही. पट्टा चामड्याचा असेल तर त्या एका दिवसासाठी कापडी किंवा रबरी पट्ट्याच्या बघा. नाहीच मिळाल्या, तर आहेत त्याच घालू द्या. आजारी पायाला सूट आहे. अनवाणी मात्र फिरू देऊ नका.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिलेल्या पाचांत येत नाही, पण तुम्हाला पहिल्यांदा तीच जाणवेल. त्या दिवशी आजी तुमच्याशी धड बोलणार नाहीत. सुतकात नमस्कार-चमत्कार नसतो. आम्ही एकमेकांना शालोमसुद्धा म्हणत नाही. सकाळी तुम्ही "आजी, झोप लागली का?" विचारलंत आणि त्यांनी नुसती मान हलवली, तर तो तुमच्यावरचा राग नव्हे. नेहमीचा तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथसुद्धा त्या दिवशी वाचायचा नसतो, कारण तो वाचून मन आनंदतं. वाचायचं ते विलापाचं पुस्तक, ईयोबाची गोष्ट, यिर्मयाची दुःखाची पानं. टीव्ही बंद ठेवा. अशदोदहून मुलाचा फोन आला तर तोही थोडक्यातच बोलेल. तिथेही त्याच दिवशी तोच रोजा असतो, फक्त सूर्य उशिरा मावळतो.

बुधवारी रात्री सिनेगॉगमध्ये काय होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. आजींना कुणी घेऊन जाणार असेल आणि तुम्ही सोबत असाल, तर मागे बसा, कुणी काही म्हणणार नाही. पवित्र पेटीवरचा पडदा उतरवलेला असतो. दिवे मंद, जेमतेम अक्षर दिसेल एवढे. आम्ही सगळे चटईवर बसतो. मी मेणबत्ती पुस्तकाच्या डाव्या बाजूला धरतो, कारण हिब्रू उजवीकडून वाचतात आणि ओळ सुरू होते तिथे माझ्याच हाताची सावली पडू नये. मग विलापाचं पुस्तक सुरू होतं, आम्ही त्याला एखा म्हणतो. 'एखा' म्हणजे 'कसं'. गजबजलेली नगरी एकटी कशी बसली, विधवेसारखी, हे त्याचं पहिलं वाक्य. पाच अध्याय आहेत. वर पाऊस पत्र्यावर कोसळत असतो, आणि काही वर्षं असं झालंय की मधली दहा-बारा वचनं कुणालाच ऐकू आली नाहीत, पण एकही माणूस उठला नाही. शेवटचं वचन फार कडू आहे. तिथे थांबायचं नाही म्हणून त्याच्या आधीचं वचन सगळे मिळून पुन्हा म्हणतात: आम्हाला तुझ्याकडे परत ने, आमचे दिवस पूर्वीसारखे कर. सेफारदी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या, रीतीत (आमच्याही प्रार्थनेची तीच चाल आहे) मंदिर पडून किती वर्षं झाली तो आकडा मोठ्याने सांगण्याची पद्धत आहे. पहिल्यांदा आकडा सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा माझा आवाज फुटेना. आकडा दर वर्षी एकाने वाढतो, एवढंच त्यात असतं, आणि तेवढंच पुरतं.

गुरुवारी दुपारपर्यंत खुर्ची नाही, जमिनीवर किंवा अगदी बुटक्या चौरंगावर बसायचं. आजींचे गुडघे असतील तसे असतील. त्यांना पलंगावर किंवा खुर्चीवर बसवा. खुर्चीवरची गादी काढून ठेवली तर त्यांच्या मनाला तेवढंच समाधान मिळेल. साडेबारा-पाऊणच्या सुमारास, सूर्य माथ्यावरून कलला की खुर्ची सगळ्यांनाच मोकळी होते. पुरुष एरवी सकाळी बांधतात ती तेफिलिन (दंडाला आणि कपाळाला बांधायच्या, आत धर्मवचनं असलेल्या चामडी डब्या) त्या दिवशी बहुतेक ठिकाणी दुपारच्या प्रार्थनेला बांधतात. दिवसाचा रंग तिथून पालटतो. मशीहा, म्हणजे आमचा येणारा तारणहार, याच दिवशी जन्मेल अशी फार जुनी समजूत आहे. म्हणून सेफारदी घरांत बायका दुपारनंतर घर झाडायला घेतात. माझी आई केरसुणी घ्यायची. घशाला कोरड पडलेली, ओठ पांढरे, आणि ओटी झाडतेय. लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. आता नाही वाटत. तुमच्या आजींनी केरसुणी मागितली तर त्यांच्या हाती देऊ नका, वाकून चक्कर येईल. तुम्ही झाडा आणि त्यांना बघू द्या. कुठे राहिलं ते त्या सांगतील.

आता आजाराकडे येतो. यहुदी वर्षात सहा रोजे आहेत. त्यातला किप्पूरचा तोराने सांगितलेला. बाकीचे पाच नंतरच्या काळातले, संदेष्ट्यांनी आणि ज्ञानी लोकांनी घालून दिलेले, आणि बिरड्याचा रोजा त्यातलाच, जरी तो किप्पूरसारखा पूर्ण दिवसाचा असला तरी. या फरकाला महत्त्व आहे. किप्पूरला जिवाला धोका असेल तेव्हाच रोजा मोडायचा, तोही शक्य असेल तर घोट-घोट मोजून, मध्ये थांबत. आवच्या नवमीला जिवावर बेतेपर्यंत वाट बघायची नसते. माणूस आजारी आहे एवढं पुरे. तो लागेल तेवढं खातो-पितो. चवीढवीचं, गोडधोड टाळतो, एवढाच मान दिवसाला द्यायचा. आणि जीव वाचवण्याचा प्रश्न आला की किप्पूर काय, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) काय, सगळं बाजूला ठेवायचं, यावर आमच्यात दुमत नाही.

मी डॉक्टर नाही, म्हणून गोळ्यांबद्दल माझा शब्द प्रमाण मानू नका. पण इतक्या वर्षांत एवढं शिकलो की डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारावं, आदल्या संध्याकाळी नव्हे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसताना साखर धोकादायक खाली नेतात. काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जातं, आणि वर पाणी प्यायलं नाही तर अंग सुकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. म्हणून 'गोळी घ्या आणि उपाशी राहा' ही तडजोड सगळ्यात वाईट. साखर मोजायचं यंत्र घरात असेलच. ७०च्या खाली आकडा दिसला, किंवा घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ जाणवला, तर कुणालाही फोन करत बसू नका. आधी साखर-पाणी द्या, मग फोन. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

एका वर्षी आमच्याकडे सकाळच्या प्रार्थनेत एक आजोबा चटईवर आडवे झाले. आम्हाला वाटलं, थकले असतील. त्यांनी सकाळची गोळी घेतली होती आणि कालपासून पोटात काही नव्हतं, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. ते वाचले, पण मी त्या दिवसापासून एखा सुरू करायच्या आधी उभा राहून सांगतो: ज्यांना औषध चालू आहे त्यांनी घरी जाऊन पाणी प्या, मी सांगतोय म्हणून प्या.

हे सांगणं सोपं, ऐकणं कठीण. माझ्या आईने ६० वर्षं हा रोजा धरला होता. शेवटच्या वर्षांत तिचं मूत्रपिंड बिघडलं आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. ती चिडली नाही, नुसती म्हणाली, "मग मी काय करू त्या दिवशी?" मला ते तेव्हा कळलं. रोजा नसेल तर आपण त्या चटईवरून उठवले गेलो, असं तिला वाटत होतं. मी तिला म्हटलं, तू जमिनीऐवजी खाटेवर बस, एखा मराठीतून मोठ्याने वाच, आणि दर दोन तासांनी मी आणीन तो पेला पी. पिणं हाही हुकूमच आहे. पहिला पेला मी नेला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ तशीच बसली. मग प्यायली. पेला परत देताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही दोघं काही बोललो नाही, त्या दिवशी बोलायचं नसतंच.

तेव्हा ताई, आजींशी तुम्ही वाद घालू नका. तुमचं त्या ऐकणार नाहीत, आणि ऐकलं तरी मनात अढी राहील. मुलाला सांगा की त्याने ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, शार हाशमायिममध्ये, आत्ताच बोलून ठेवावं. तिथल्या हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, किंवा आजी ज्यांना मानतात अशा वडीलधाऱ्याने घरी येऊन सांगितलं की बहुतेक म्हातारी माणसं निमूट मान्य करतात. चोरून काही करू नका, ताकात गोळी विरघळवून देणं वगैरे. कळलं तर त्या तुमच्या हातचं पाणी पुन्हा विश्वासाने घेणार नाहीत. आणि किप्पूरचा प्रश्न वेगळा विचारायला सांगा. २०२६ साली तो २० सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो, आणि तेव्हाचे नियम कडक आहेत.

तुम्ही स्वतः त्या घरात जेवलात तरी चालतं. उपाशी राहून म्हातारं माणूस सांभाळता येत नाही. फक्त स्वयंपाकघरात बसून जेवा.

गुरुवारी रात्री रोजा सुटला की आजींना आधी कोमट पाणी, मग थोडा मऊ भात. मटण लगेच नाही. मंदिर नवमीला संध्याकाळी पेटलं आणि दशमीला दिवसभर जळत राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी मांस खात नाहीत. या वर्षी दुसरा दिवस शुक्रवार आहे, शब्बाथची तयारी असेल, त्यामुळे आंघोळ, केस, कपडे धुणं गुरुवारी रात्रीपासूनच मोकळं आहे. शुक्रवारी सकाळी त्यांना गरम पाण्याने न्हाऊ घाला. त्या शनिवारी यशायाचा चाळिसावा अध्याय वाचतात, 'सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा' असा. आजींना जमलं तर सिनेगॉगला घेऊन जा, बुधवारी न्यायला जमलं नसेल तरी शनिवारी न्याच.

आणि वाल. सोमवारी, २० तारखेला सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा. पावसाळी हवेत मोड यायला वेळ लागतो, बुधवारी सकाळपर्यंत येतील. मग कोमट पाण्यात टाकून सोलायला घ्या. सोलायचं काम आजींना द्या. ते बसून करायचं काम आहे, आणि त्यांच्या हातांना ते माझ्या-तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.